मेडिकल कॉलेजात शिक्षकांसाठी सेशन घ्यायचंय? मग आधी वॉर्डात चक्कर मारून या

तुम्ही असिस्टंट प्रोफेसर आहात, लागून दीड-दोन वर्षं झालीत, आणि एक दिवस डीन ऑफिसातून कागद येतो की तुम्हाला मेडिकल एज्युकेशन युनिटवर म्हणजे एमईयूवर घेतलंय आणि इथून पुढे दर महिन्याला फॅकल्टीसाठी एक लेक्चर ठेवायचंय. हे सगळं अशाच माणसासाठी लिहितोय. मी मेडिसिनचा, जिल्ह्याच्या गावच्या सरकारी कॉलेजात हे काम सात-आठ वर्षं करतोय, आणि सुरुवातीला ज्या चुका झाल्या त्या दुसऱ्या कुणी परत करू नयेत असं फार मनापासून वाटतं.

माझं पहिलं सेशन व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, कशी घ्यावी यावर होतं. बाहेरगावचे एक मोठे सर बोलावले, बुधवारी दुपारी दोनची वेळ, मोठा लेक्चर हॉल, सव्वाशे स्लाइड्स. सर विद्वान होते, विषय त्यांना तोंडपाठ होता. साठेक लोक आले, चहा झाला, फीडबॅक फॉर्मवर जवळपास सगळ्यांनी एक्सलंट लिहिलं आणि मी खूश होऊन घरी गेलो. दीड महिन्याने टर्मिनलच्या व्हायवाला मी बाजूच्या टेबलवर बसलो होतो, आणि त्या सेशनला पहिल्या रांगेत बसून वहीत लिहून घेतलेले शिक्षक एका पोराला विचारत होते, "स्प्लेनोमेगालीची कारणं सांग. अजून. अजून. अजून एक राहिलं." पोरगा छताकडे बघत होता. समोर कॉटवर स्प्लीन म्हणजे पांथरी वाढलेला पेशंट झोपलेला होता आणि त्याच्या पोटाला हात लाव असं कुणी त्या पोराला सांगितलंच नाही.

तेव्हापासून मी एकच नियम धरून बसलोय, सेशन झाल्यावर दोन आठवड्यांच्या आत कुणीतरी त्या शिक्षकाचं शिकवणं प्रत्यक्ष जाऊन बघितलं पाहिजे. हे जमणार नसेल तर सेशन ठेवू नका, तेवढा वेळ ओपीडीला द्या, पेशंटचं तरी भलं होईल. खाली जे काही सांगतोय ते सगळं या एका गोष्टीसाठी आहे.

आधी सक्तीचं काय आणि आपलं काय ते वेगळं करा

यात नवीन माणसाचा फार गोंधळ होतो. बीसीएमई, म्हणजे बेसिक कोर्स इन मेडिकल एज्युकेशन, तो तीन दिवसांचा असतो, एनएमसीने म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नेमलेल्या नोडल किंवा रीजनल सेंटरच्या देखरेखीखाली होतो, त्याचा कार्यक्रम ठरलेला असतो, त्यात तुम्ही मनाने बदल करायचे नाहीत. जुन्या लोकांनी हाच कोर्स आरबीसीडब्ल्यू किंवा त्याच्याही आधी एमईटी वर्कशॉप या नावाने केलेला असतो. दुसरा बीसीबीआर, तो रिसर्चचा, चेन्नईच्या आयसीएमआर-एनआयईचा ऑनलाइन कोर्स, असाइनमेंट आणि शेवटी परीक्षा. हे दोन्ही प्रमोशनच्या वेळी विचारतात म्हणून लोक ते करतातच, त्यासाठी कुणाच्या मागे लागावं लागत नाही. २०१९ च्या बॅचपासून सीबीएमई, म्हणजे कॉम्पिटन्सीवर आधारलेला अभ्यासक्रम, आला तेव्हा सीआयएसपी म्हणून वेगळी ट्रेनिंगही सगळीकडे झाली होती.

मग महिन्याचं लेक्चर कशाला? तर याच्यासाठी की तीन दिवसांत माणूस शब्द शिकतो. ऑब्जेक्टिव्ह, कॉम्पिटन्सी, डोमेन, ब्लूप्रिंट, ओएससीई. सोमवारी परत ओपीडीत बसला की समोर दीडशे पेशंट आणि मागे उभे बारा विद्यार्थी, आणि त्या शब्दांचं तिथे काय करायचं हे त्याला कुणी दाखवलेलं नसतं. आपलं महिन्याचं सेशन त्या सोमवारसाठी असतं. म्हणून त्यात बीसीएमईचीच उजळणी करू नका, लोक कंटाळतात आणि पुढच्या वेळी येत नाहीत.

विषय कसा निवडायचा

गूगल फॉर्म पाठवून 'तुम्हाला कोणता विषय हवाय' विचारलं की उत्तर ठरलेलं, रिसर्च मेथडॉलॉजी, बायोस्टॅट, थिसिस गाइडन्स. लोक खोटं बोलत नसतात, त्यांना त्याची गरज असतेच, पण शिकवताना कुठे अडतं हे माणसाला असं बसल्या जागी सुचत नाही. मी काय करतो ते सांगतो. एक आठवडा रोज अर्धा तास कुठल्यातरी वेगळ्या वॉर्डात किंवा डिसेक्शन हॉलमधे किंवा प्रॅक्टिकलला नुसता उभा राहतो, आधी त्या शिक्षकांना विचारून. हातात वही, आणि तीनच गोष्टी लिहितो: कोण बोलतंय, विद्यार्थ्याचा हात कशाला लागला का, आणि प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती वेळ थांबला. हे शेवटचं बघाच. आपण प्रश्न विचारतो आणि दोन सेकंदात स्वतःच उत्तर देऊन टाकतो, मीसुद्धा देत होतो, माझ्या एका ज्युनियरने मोजून दाखवलं तेव्हा कळलं.

मग फायनल इयरच्या चार-पाच पोरांना आणि दोन इंटर्नना चहाला बसवा आणि विचारा, गेल्या महिन्यात कुठल्या क्लिनिकमधून काहीतरी घेऊन परत आलात आणि कुठून नुसते उभे राहून पाय दुखवून आलात. नावं लिहू नका, नावं कुणालाही सांगू नका. पण मुलं फार नेमकं सांगतात.

एवढं केलं की विषय आपोआप समोर येतो. आणि तो एवढासा असू द्या. 'असेसमेंट' हा विषय नाही. 'व्हायवात पहिला प्रश्न पेशंटकडे बोट दाखवून कसा विचारायचा' हा विषय आहे. 'कम्युनिकेशन स्किल' नको, 'वाईट बातमी सांगताना विद्यार्थ्याला कुठे उभं करायचं आणि नंतर त्याच्याशी काय बोलायचं' हे घ्या. जॉर्ज मिलरने १९९० मधे चार पायऱ्यांचा पिरॅमिड मांडला, माहीत आहे, कसं करायचं ते माहीत आहे, करून दाखवतो, आणि रोजच्या कामात खरंच करतो. आपण तो विद्यार्थ्यांना लावतो, पण शिक्षकालाही तोच लागू आहे. लेक्चर ऐकून फार तर दुसऱ्या पायरीपर्यंत जाता येतं. तिसरीसाठी सेशनमधेच करून बघायला लागतं, चौथीसाठी वॉर्डात जावं लागतं.

वेळ आणि जागा

दुपारी दोनला ठेवू नका. ओपीडी एकला संपते असं कागदावर असतं, खरं तर दीड-पावणेदोन होतात, माणूस जेवलेला नसतो. सर्जरी, ऑर्थो, गायनॅकचं ओटीचं टेबल चालू असतं. आणि सगळ्या फॅकल्टीला एकाच दिवशी एका हॉलमधे गोळा करायचा हट्ट सोडून द्या, कॉलेज चालू असताना ते होत नाही, आलेच तर पॅथॉलॉजी-मायक्रोबायोलॉजीसारख्या पॅरा-क्लिनिकलची मंडळी येतात आणि क्लिनिकलच्या खुर्च्या रिकाम्या.

आम्ही सेशनच डिपार्टमेंटमधे न्यायला लागलो. प्रत्येक युनिटचा एक तरी दिवस असा असतो की ओपीडीही नाही आणि ओटीही नाही, त्या दिवशी राऊंड झाल्यावर सेमिनार रूममधे पंचेचाळीस मिनिटं. आठ-दहा माणसं. एकच सेशन चार डिपार्टमेंटला चार वेळा घ्यावं लागतं, कष्ट जास्त आहेत हे खरं, पण हॉलमधल्या साठ माणसांपेक्षा इथल्या दहांत काम होतं कारण मागे बसून मोबाइल बघायला जागाच नसते आणि उदाहरण त्यांच्याच वॉर्डातलं देता येतं.

मोठं लेक्चर वर्षातून दोनदा ठेवा, बाहेरचा वक्ता बोलावून, त्याला महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचे क्रेडिट पॉइंट घ्या. रजिस्ट्रेशन रिन्यू करायला पाच वर्षांत ३० पॉइंट लागतात, त्यामुळे त्याला लोक येतात आणि आपल्याला सगळ्यांची एकदा गाठ पडते. कौन्सिलकडे अर्ज मात्र बरंच आधी करायचा, आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही.

एक पूर्ण सेशन कसं चालतं ते

नुसतं वर्णन करून कळणार नाही म्हणून मी सगळ्यात जास्त वेळा घेतलेलं सेशन जसंच्या तसं सांगतो. विषय, ओपीडीत किंवा कॅज्युअल्टीत पाच मिनिटांत कसं शिकवायचं. याला वन मिनिट प्रीसेप्टर म्हणतात, १९९२ मधे अमेरिकेतल्या फॅमिली मेडिसिनच्या शिक्षकांनी मांडलं, आणि आपल्याकडच्या गर्दीला ते असं फिट बसतं की जणू आपल्यासाठीच केलंय. पाच गोष्टी आहेत: विद्यार्थ्याला आधी काहीतरी ठरवायला लावा, कशावरून ते विचारा, एक नियम शिकवा, काय बरोबर केलं ते नेमकं सांगा, काय चुकलं ते नेमकं सांगा.

सेशनच्या सुरुवातीला स्लाइड नाही. मी आणि एक रेसिडेंट समोर उभे राहतो आणि नेहमी होतं तसं करून दाखवतो. केस कोकणातली किंवा विदर्भातली, पावसाळ्यातली.

"सर, बत्तीस वर्षांची बाई, पहाटे चारपासून पोटात दुखतंय, दोन उलट्या, ताप नाही."
"पोट मऊ आहे का? बरं. पॅन्टोप्राझोल दे, ऑब्झर्वेशनला ठेव. पुढचा?"

इथे थांबतो आणि समोरच्यांना विचारतो, या रेसिडेंटला काय शिकायला मिळालं? सगळे गप्प होतात, कारण प्रत्येकाने हे काल सकाळीच केलेलं असतं. मग तेच परत करतो.

"तुला काय वाटतं काय असेल?"
"गॅस्ट्रायटिस, सर."
"कशावरून?"
"एपिगॅस्ट्रिक दुखतंय, उलटी आहे, पोट मऊ आहे."
"याच्यात कुठली गोष्ट गॅस्ट्रायटिसमधे बसत नाही?"
इथे शिक्षकाने थांबायचं. मनात दहा आकडे मोजा. खरंच मोजा.
"सर... डोळे जड वाटतायत म्हणते. मला वाटलं झोप झाली नसेल."
"रात्री झोपली कुठे होती?"
"विचारलं नाही."
"जा, विचारून ये. आणि वर बघायला लावून पापण्या बघ."

रेसिडेंट परत येतो, खाली जमिनीवर झोपली होती, दोन्ही पापण्या खाली आल्यात. मग नियम, एकच वाक्य: पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखी घेऊन आला आणि पापण्या जड झाल्या तर अंगावर चावल्याची खूण नसली, सूज नसली तरी मण्यार डोक्यात आली पाहिजे, आणि रक्त गोठतंय का ते बघायची वीस मिनिटांची क्लॉटिंग टेस्ट नॉर्मल आली म्हणून सोडायचं नाही कारण मण्यारीचं विष नसांवर जातं, रक्तावर नाही. मग, "पोट नीट तपासलंस आणि डोळ्यांचं ती बोलली ते लक्षात ठेवलंस, हे चांगलं केलंस." मग, "झोप झाली नसेल असं स्वतःच ठरवून टाकलंस, ते नको, पेशंटने सांगितलेली गोष्ट मला सांगायचीच." बस. मी घड्याळ लावून मोजलंय, पेशंटकडे जाऊन यायचा वेळ सोडला तर तीन मिनिटांच्या आत होतं.

ही केस मुद्दाम घेतो. मण्यारीचा पेशंट आपल्याकडे चुकतो आणि चुकला तर श्वास बंद पडतो, त्यामुळे समोर बसलेल्या माणसाला हे शिकवण्याचं तंत्र वाटत नाही, स्वतःच्या कॅज्युअल्टीची गोष्ट वाटते. तुम्ही तुमच्या भागातली घ्या. विंचूदंशावर महाडसारख्या ठिकाणी बसून डॉ. हिम्मतराव बावस्करांनी जे काम केलं आणि प्राझोसिनचा उपयोग जगाला दाखवला ते पेशंटकडे बारकाईने बघण्यातूनच आलं, हे मी सेशनमधे आवर्जून सांगतो, जिल्ह्याच्या कॉलेजातल्या लोकांना ते ऐकून उभारी येते.

त्यानंतर तिघातिघांचे गट. एक शिक्षक, एक विद्यार्थी, एक बघणारा. बघणाऱ्याच्या हातात पाच ओळींचं कार्ड. सात मिनिटांत एक फेरी, मग आलटून पालटून, तीन फेऱ्या. केसेस आधीच चिठ्ठीवर लिहून न्या, त्याच डिपार्टमेंटच्या. पेडियाट्रिक्सच्या लोकांना ज्वर आणि झटका आलेलं मूल द्या, सायकियाट्रीला दारू सोडून तीन दिवस झालेला माणूस. लोक सुरुवातीला लाजतात, दुसऱ्या फेरीला आवाज वाढतो. हॉलमधे कधी न बोललेली माणसं इथे बोलतात.

शेवटची पाच मिनिटं महत्त्वाची. प्रत्येकाकडून लिहून घ्यायचं, पुढच्या दोन आठवड्यांत कुठल्या दिवशी, कुठल्या बॅचला हे करणार. आणि त्या दिवशी मी किंवा एमईयूतलं कुणीतरी येऊ का, हे तिथेच विचारायचं. बहुतेक जण हो म्हणतात. नाही म्हटलं तर आग्रह नको.

प्री-क्लिनिकलवाल्यांचं वेगळं आहे

अ‍ॅनाटॉमी, फिजिओलॉजी, बायोकेमिस्ट्रीच्या लोकांना ओपीडीची उदाहरणं देऊन उपयोग नाही, त्यांचा प्रश्न म्हणजे समोर दीडशे-दोनशे पोरं आणि एक तास. तिथे मी एवढंच घेतो की दर पंधरा मिनिटांनी थांबायचं, एक एमसीक्यू टाकायचा, हात वर करून उत्तर घ्यायचं, मग शेजारच्याशी दोन मिनिटं भांडू द्यायचं आणि परत हात वर करायला लावायचे. हार्वर्डचे एरिक मॅझूर फिजिक्सच्या वर्गात १९९० च्या दशकापासून हे करत आले. उत्तराचं बटण दाबायचा क्लिकर वगैरे नसला तरी चालतो, ए-बी-सी-डी लिहिलेली चार रंगाची कार्डं झेरॉक्सवाल्याकडून कापून घ्या. फक्त प्रश्न असा हवा की निम्म्या वर्गाचं चुकेल, सगळ्यांना येणारा प्रश्न टाकला तर भांडायला काही उरत नाही. हा प्रश्न लिहिणं हेच खरं कौशल्य आहे, म्हणून सेशनमधे प्रत्येकाकडून त्याच्या पुढच्या लेक्चरसाठी एक प्रश्न लिहून घ्यायचा आणि तिथल्या तिथे एकमेकांवर चालवून बघायचा.

सीनियर लोकांना कसं सामावून घ्यायचं

हे नाजूक आहे. तीस वर्षं शिकवलेल्या एचओडींसमोर आपण उभं राहून शिकवायचं कसं सांगणार, आणि सांगूही नये. नोटीस पाठवून बोलावलं तर ते येणार नाहीत, किंवा येतील आणि "आम्ही असेच शिकलो, काही बिघडलं नाही" म्हणतील, मग सगळी ज्युनियर मंडळी माना डोलावतील आणि सेशन तिथेच संपेल.

आधी केबिनमधे जा. "सर, मला तुमची मदत हवी आहे, तुम्ही तुमच्या बॅचला हिस्ट्री कशी शिकवता ते आमच्या ज्युनियर्सना दहा मिनिटं दाखवाल का?" हे नाटक म्हणून म्हणू नका, मनापासून म्हणा, कारण त्यांच्याकडे खरंच असतं. आमच्याकडच्या एका मॅडमना, रिटायरमेंटला दोन वर्षं राहिली होती, अशी विनंती केली तर त्यांनी नाडी कशी बघायची एवढंच दाखवलं, पेशंटच्या शेजारी बसून, हात आधी स्वतःचा गरम करून, आणि ते बघून तिथल्या सगळ्या असिस्टंट प्रोफेसरांना कळलं की आपण नाडी शिकवणं कधी सोडूनच दिलं होतं. नंतर मॅडम स्वतःच विचारायला लागल्या, पुढचं कधी आहे रे.

एक काळजी मात्र घ्या, मायक्रोटीचिंग, म्हणजे पाच-सात मिनिटं शिकवून दाखवायचा सराव, करताना ज्युनियरला त्याच्याच एचओडीसमोर उभं करू नका. गट वेगवेगळ्या डिपार्टमेंटचे मिसळा. माझ्या एका सेशनमधे हे चुकलं होतं, एका नवीन मॅडमच्या सात मिनिटांवर त्यांच्याच सरांनी सगळ्यांदेखत वीस मिनिटं टीका केली, त्या नंतर वर्षभर एमईयूच्या एकाही कार्यक्रमाला आल्या नाहीत. चूक माझी होती, मला थांबवता आलं असतं आणि मी थांबवलं नाही. आता मी सुरुवातीलाच सांगून टाकतो की आधी शिकवणारा स्वतः बोलेल काय जमलं, मग बाकीचे काय जमलं ते बोलतील, मग शिकवणारा स्वतः सांगेल काय बदलायचंय, आणि शेवटी बाकीच्यांनी प्रत्येकी एकच सूचना. ही पेंडल्टनची पद्धत, १९८४ ची. तिच्यावर टीका होते की फार ठरीव आहे, पण जिथे सर-मॅडम-ज्युनियर अशी उतरंड आहे तिथे हा ठरीवपणाच ज्युनियरला सांभाळतो.

भाषेचं सेशन, हे कुणी घेत नाही आणि घेतलंच पाहिजे

सरकारी कॉलेजात १५ टक्के जागा ऑल इंडिया कोट्याच्या. केरळची, राजस्थानची, बिहारची पोरं येतात, हुशार असतात, आणि वॉर्डात आजीबाईसमोर उभी राहतात. फाउंडेशन कोर्समधे स्थानिक भाषेचे तास असतात पण तिथे 'तुमचं नाव काय' पर्यंतच गाडी जाते. एका मुलाने केस प्रेझेंट करताना सांगितलं की पेशंटच्या अंगावर काहीतरी होतं, ते तिने काढलं. बाई म्हणाली होती, "दोन महिने अंगावर काढलं." म्हणजे दुखणं सोसलं, डॉक्टरकडे आली नाही. त्या एका वाक्यात डिलेचं सगळं कारण होतं, घरची परिस्थिती होती, आणि ते त्याच्यापर्यंत पोचलंच नाही. तसंच 'अंगावरून जातं', 'कळ येते', 'चमक निघते', 'घाबरल्यासारखं होतं', 'तोंडाला चव नाही', 'मुरडा येतो'. मराठी मुलांनाही यातलं सगळं कळतं असं नाही, इंग्रजी शाळेतून आलेली पुण्या-मुंबईची पोरंही अडखळतात.

हे सेशन शिक्षकांसाठी घ्यायचं, विद्यार्थ्यांसाठी नाही, कारण रोज बेडसाइडला हे शब्द उचलून दाखवायचं काम शिक्षकाचं आहे. आणि हे घ्यायला बाहेरचा तज्ज्ञ बोलवू नका. वॉर्डातल्या सीनियर सिस्टर, एमएसडब्ल्यू म्हणजे हॉस्पिटलच्या समाजसेविका, आणि वीस-पंचवीस वर्षं काम केलेल्या मावशी, या तिघींना बोलवा. मान देऊन बोलवा, खुर्ची पुढे द्या, बाकी वक्त्यांना देता तसं सर्टिफिकेट त्यांनाही द्या. आमच्या लेबर रूमच्या मावशींनी बायका दुखायला लागल्यावर काय काय शब्दांत सांगतात याची अशी यादी सांगितली की गायनॅकच्या प्रोफेसर लिहून घेत होत्या. मग प्रत्येक युनिटने आपापली चाळीस-पन्नास शब्दांची यादी करायची, पोस्टिंगच्या पहिल्या दिवशी ती मुलांना द्यायची, आणि केस ऐकताना विचारायचं, "पेशंट स्वतः कुठल्या शब्दात बोलला? तसंच सांग, मग इंग्रजी कर." एवढा एक प्रश्न रोज विचारला तरी हिस्ट्री बदलते. एटकॉमचे, म्हणजे वागणूक, नीतिमत्ता आणि संवाद शिकवायचे, तास वेगळे असतातच, पण मला विचाराल तर अर्धं एटकॉम याच्यातच आहे.

बघायला जाताना

दोन आठवड्यांनी जायचं ठरलंय त्या दिवशी जा, राहून गेलं की माणसाला वाटतं याचं काही खरं नव्हतं. मागे उभे राहा, मधे बोलू नका, पेशंटसमोर किंवा विद्यार्थ्यांसमोर शिक्षकाला काहीही सुधारायचं नाही. मोबाइलवर शूटिंग नको, पेशंट असतो तिथे. पंधरा मिनिटं पुरतात. नंतर कॅन्टीनला किंवा डॉक्टर्स रूममधे, फक्त दोघं, आधी त्यांना बोलू द्या. आणि जे लिहिलंय तो कागद त्यांनाच देऊन टाका. त्याची फाइल करायची नाही, डीनकडे जाणार नाही, हे आधीच सांगा आणि पाळा. एकदा जरी असा कागद सीआर म्हणजे गोपनीय अहवाल लिहायच्या वेळी कुणाच्या टेबलवर गेला तर तुमच्या कॉलेजात पुन्हा कुणी दार उघडणार नाही.

फाइलसाठी लागतं ते वेगळं ठेवा: नोटीस, सहीचा कागद, प्री-टेस्ट पोस्ट-टेस्ट, दोन फोटो, छोटा रिपोर्ट, एमईयूच्या मीटिंगचे मिनिट्स. त्याच दिवशी संध्याकाळी पूर्ण करा, इन्स्पेक्शनच्या आदल्या रात्री वर्षाचं काढत बसायला लागू नये. फीडबॅक फॉर्मवरचे 'एक्सलंट' मोजायचे सोडून द्या, त्याऐवजी महिन्याने व्हॉट्सअ‍ॅपवर एकच प्रश्न, सेशननंतर शिकवताना काय वेगळं केलं, एक उदाहरण सांगा. वीस जणांपैकी सहा उत्तरं आली तरी पुष्कळ, त्या सहा जणांना पुढच्या सेशनला बोलायला उभं करा.

स्वतः कुठे शिकायचं

हे सगळं करता करता आपल्यालाही कमी पडतंय असं वाटायला लागतं, वाटायलाच पाहिजे. नोडल सेंटरचा अ‍ॅडव्हान्स कोर्स, एसीएमई, तो करा. मुंबईला सेठ जीएस मेडिकल कॉलेज आणि केईएममधे २००५ पासून फेमर या वैद्यकीय शिक्षणातल्या अमेरिकन संस्थेचं रीजनल इन्स्टिट्यूट आहे, दोन वर्षांची फेलोशिप असते आणि स्वतःच्या कॉलेजात एक प्रोजेक्ट करून दाखवावा लागतो, हीच त्यातली सगळ्यात चांगली गोष्ट आहे. पाँडिचेरीला जिपमरचं टीचर ट्रेनिंग सेंटर तर १९७० च्या दशकापासूनचं, देशातलं जुनं. आणि जमलं तर सेवाग्रामला चार दिवस जाऊन या, १९६९ मधे सुरू झालेलं ग्रामीण कॉलेज, गावात जाऊन शिकवण्याची त्यांची रीत बघण्यासारखी आहे.

पैशाचं विचाराल तर डिपार्टमेंटमधल्या सेशनला चहा-बिस्किटं आणि कार्डांचा झेरॉक्स एवढाच खर्च येतो. बाहेरचा वक्ता शेजारच्या जिल्ह्यातला बोलवा, एसटीने सकाळी येऊन संध्याकाळी परत जाईल असा, आणि त्याला आधीच सांगा की वीस स्लाइडच्या वर नको आणि निम्मा वेळ लोकांना करून बघायला हवाय. काहींना आवडत नाही, ते नाही म्हणतात. जे हो म्हणतात त्यांचा नंबर जपून ठेवा.

सुरुवात या आठवड्यातच करा, स्वतःच्या युनिटपासून. उद्याच्या राऊंडला एका ज्युनियरच्या हातात घड्याळ द्या आणि सांगा, मी प्रश्न विचारल्यावर किती सेकंद थांबतो ते लिही.